यादीतला तिसरा नंबर

"सर, ह्यां वर घातलां नि गावलां नाय, तर खालचां पन हातचां जाता काय?"

परबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा ऑप्शन फॉर्म भरून झाला होता. कन्फर्म करायचा तेवढा बाकी होता. मी म्हणालो, "रिस्क असते."

दोनच शब्द. ते खोटे होते. मला तेव्हाही माहीत होतं.

मुलुंडला स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. मी अॅडमिशन काउन्सिलर. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना कॉलेज निवडून देतो, फॉर्म भरून देतो, पहिल्या वर्षाची तयारी काय करायची ते सांगतो. आधी क्लासमध्ये गणित शिकवायचो. सोळा वर्षं झाली हे करतोय. परब आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बघायला दर महिन्याला यायचे. लिफ्ट कंपनीत टेक्निशियन, राहायला भांडुपला, मूळचे कुडाळकडचे. जिन्याखाली माझा बॅनर होता, तो त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की मुलीची बारावी होताच ते सरळ वर आले.

बॅनरवर लिहिलं होतं, 'आमच्या दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना पहिल्या पसंतीचं कॉलेज!'

हे खरं होतं. कसं खरं होतं, तेच सांगायचंय.

सरकारी प्रवेशप्रक्रियेत मुलं कॉलेजांची यादी भरतात. त्यालाच ऑप्शन फॉर्म म्हणतात. कॉम्प्युटर यादी वरून वाचायला लागतो. पहिल्या नंबरचं कॉलेज तुमच्या मार्कांत बसतंय का? नाही? मग दुसरं. नाही? मग तिसरं. जिथे बसतंय तिथे थांबतो आणि सीट देऊन टाकतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याचा तुमचा हक्क केसभरही कमी होत नाही. म्हणजे स्वप्नातलं कॉलेज वर ठेवायला काहीच लागत नाही. पण उलट बाजू आहे. पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज मिळालं की विषय संपला. त्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. पुढच्या राऊंडला तुम्हाला बसता येत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, हे सगळ्यात आवडतं? मग घ्या.

आता बॅनर पुन्हा वाचा. मुलाला पहिल्या पसंतीचं कॉलेज हमखास मिळवून द्यायचा सोपा मार्ग कुठला? जे हमखास मिळणार आहे तेच पहिल्या नंबरला लिहायचं. आमच्या लाइनीत हे बरेच जण करतात. मीही करायचो. ज्यांचे मार्क भरपूर आहेत त्यांचं काही बिघडत नाही. मार्क फारच कमी असले तरी नाही. बिघडतं काठावरच्यांचं.

सायली परब काठावर होती.

तिला इलेक्ट्रिकल हवं होतं. "कॉम्प्युटर का नको गं? सगळे तेच मागतात," मी विचारलं.

"मागू देत ना सर. मी लहानपणापासून पप्पांबरोबर लिफ्टच्या पॅनलसमोर बॅटरी धरून उभी असते. मला वायरी कळतात."

"बॅटरी हलवता खूप," परब म्हणाले.

"तुम्ही शिव्या घालता म्हणून हलते!"

तिला शहरातलं एक जुनं कॉलेज हवं होतं. घरापासून पाऊण तास. आदल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे शेवटची सीट ज्या मार्कांवर गेली ते मार्क, तिच्यापेक्षा किंचित वर होता. मी ते तिसऱ्या नंबरला टाकलं. पहिल्या नंबरला टाकलं बदलापूरच्या पुढचं एक नवं कॉलेज, जे तिला झोपेतही मिळालं असतं.

"जुनं वर नाही का घ्यायचं?" सायलीनं विचारलं.

"आहे की यादीत. तिसऱ्या नंबरला."

तेव्हाच परबांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं. माझ्याकडे फॉर्म टाइप करणारी ज्योती कीबोर्डवरचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला नियम पाठ होता. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"सर म्हनतत तां बरोबर," परब लेकीला म्हणाले. "तेंका अनुभव हा." मग त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून, त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. ज्योतीनं टाइप केला. फॉर्म बंद.

पहिल्या राऊंडला सायलीला पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं. परब खाज्याचा पुडा घेऊन आले. सायलीचा फोटो बॅनरवर लागला.

आठवड्यानं ती एकटी आली.

"सर, कटऑफ बघितलात?"

"कुठला?"

"जुन्या कॉलेजचा. इलेक्ट्रिकल."

मी सकाळीच बघितला होता. म्हणालो, "नाही अजून. का गं?"

"यंदा खाली आलाय. माझ्यापेक्षा कमी मार्कांवर शेवटची सीट गेलीय."

"असं होतं कधीकधी. कोणाला आधी कळणार?"

"कळायची गरजच नव्हती ना सर. वर ठेवलं असतं तर मिळालं असतं. नसतं मिळालं तर हे होतंच." तिच्या हातात सरकारी माहितीपुस्तिकेच्या एका पानाची झेरॉक्स होती. ती तिनं टेबलावर ठेवली नाही, नुसती धरून बसली. "मी हे आधी वाचायला हवं होतं. चूक माझीपण आहे."

तिनं असं म्हणायला नको होतं. भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. अशा प्रसंगांसाठी माझी उत्तरं तयार असतात.

"पुढच्या राऊंडला काही?"

"ऑटो फ्रीझ आहे," मी म्हणालो.

"हो. वाचलं ते." ती उठली. "पप्पांना मी सांगणार नाहीये. त्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यांना तुमचं नाव सांगत फिरतायत. फक्त बॅनरवरून माझा फोटो काढा. विचारलं तर सांगा, नवीन बॅनर केला."

काढतो म्हणालो. दिवाळीपर्यंत काढला नाही. अॅडमिशनचा सीझन चालू होता.

ऑगस्टमध्ये मी दरवर्षी फर्स्ट इयरच्या मुलांसाठी एक मोफत सेशन घ्यायचो. ड्रॉइंगची शीट कशी लावायची, हजेरी का सांभाळायची, पहिल्या सेमिस्टरला गणित का अंगावर येतं. त्या वर्षी बोलताना मी म्हणालो, "प्रवासात भरपूर वाचन होतं, लांबच्या कॉलेजला घाबरू नका." सायली आली नव्हती. परब आले होते. मागे उभे राहून लेकीसाठी वहीत लिहून घेत होते.

त्यानंतर एका शनिवारी मी ते नवं कॉलेज बघायला गेलो. तीन वर्षं मी मुलांना तिथे पाठवत होतो आणि एकदाही गेलो नव्हतो. मी फक्त वेबसाइट बघितली होती. स्टेशनवरून कॉलेजची बस, ती भरल्याशिवाय सुटत नाही. इमारत झकास. इलेक्ट्रिकलच्या लॅबमधल्या मशीनवर अजून प्लॅस्टिक होतं. शिपाई म्हणाला, "शिकवायला सर मिळाले की काढू." गेटबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मुलं परतीच्या बसची वाट बघत बसली होती. त्यांत सायली होती. मांडीवर ड्रॉइंगची लांब नळी, तिच्यावर हनुवटी टेकवलेली. वाचत वगैरे नव्हती. शेडला वळसा घालून मी रिक्षा केली.

कॉलेज निवडणाऱ्यांना सांगण्यासारखं त्या एका दिवसात मला जेवढं मिळालं, तेवढं सोळा वर्षांच्या कटऑफच्या फायलींत नाही. कामाच्या दिवशी जा. दुपारी चारनंतर जा, तेव्हा कॉलेज खरं दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. घरी परतायच्या बसमध्ये बसून बघा. आणि काउन्सिलरला विचारा, तुम्ही तिथे कधी गेला होतात?

परब दर महिन्याला यायचे. "बाय बरी हा," लेकीबद्दल म्हणायचे. "जरा लांब पडता. येतासर आठ वाजतत." पहिल्या वर्षाच्या शेवटी म्हणाले, "दोन केट्या लागल्या सर." म्हणजे दोन विषय राहिले, ते पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचे. "तिचां लक्ष नाय काय? तुमीच एकदा समजवा." मी हो म्हणालो. फोन केला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक सुटला, गणित राहिलं. परब लेकीला रागावायचे आणि मला येऊन सांगायचे.

हे असंच चाललं असतं. यंदा जूनमध्ये परब पुतणीबद्दल म्हणाले, "भावाच्या चेडवाचो फॉर्म भरूचो हा. उद्या घेऊन येतंय. तुमीच बघा."

ते तळमजल्यावर लिफ्टचं कंट्रोल पॅनल उघडून काम करत होते. मी घरी निघालो होतो. बॅग खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. तिसरा नंबर, बॅनर, रिस्क असते म्हणालो ते. पाच मिनिटंही लागली नाहीत. तीन वर्षं मला वाटत होतं, फार वेळ लागेल.

परबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला नव्हता. शेवटी थांबला.

"बायक म्हायत हा?"

"हो. तिनंच शोधून काढलं."

"कधी?"

"पहिल्या राऊंडनंतर. आठवड्यात."

ते पॅनलमधल्या वायरींकडे बघत राहिले. "म्हंजे मी केट्यांवरना बोलयचंय, तेवापन तिका म्हायत होता."

"हो."

"नि तुमकापन."

त्यांनी पॅनलचं झाकण लावलं, चारही स्क्रू सावकाश आवळले आणि तेच पुन्हा उघडायला घेतले. काम अर्धंच झालं होतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. बॅटरी धरायला कोणी नव्हतं. मी पुढे झालो तसे ते म्हणाले, "नको. तुमी जावा."

पुढच्या महिन्यापासून लिफ्टला दुसरा माणूस येतो. परबांनी एरिया बदलून मागितला, असं त्यानं सांगितलं.

सायलीचा एकदाच मेसेज आला. 'काकांच्या स्नेहाचा फॉर्म मी घरी भरला. पहिल्या नंबरला तिला हवं ते ठेवलं. पप्पा आता केट्यांवरून काही बोलत नाहीत. काहीच बोलत नाहीत.' स्नेहाला कुठलं कॉलेज मिळालं, ते तिनं लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही.

बॅनर आता नाही. माझ्याकडे येणारी मुलंही कमी झाली. आलेल्यांसमोर मी आधी माहितीपुस्तिकेचं ते पान ठेवतो आणि मोठ्यानं वाचायला लावतो. हवं ते वर लिहा, मिळालं नाही तरी खालचं जात नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते पान कोणालाही फुकट मिळतं. त्यासाठी माझी गरज नव्हतीच कधी.