आन्तोनियोचा सरकता गुरुवार

आन्तोनियो कामावर आला नाही, फोनही उचलत नाही, असं साइटवरून फोरमनने कळवलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर 'आज कुठला सण काढला याने?' जानेवारीतला रविवार, म्हणजे आमच्या आठवड्याचा पहिला दिवस. मी रजेचं रजिस्टर पुढ्यात ओढलं, पान शोधलं, आणि तेवढ्यात दुसरा फोन आला... झोपेतच गेला होता. हार्ट अटॅक. वय अठ्ठावन्न. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी कुवेतमध्ये एकोणीस वर्षं आहे. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीला माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीत हजेरी आणि रजा बघते. आन्तोनियो ब्राझीलचा, आमचा वेल्डिंग इन्स्पेक्टर. पाइपच्या जोडातली केसाएवढी चीर तो शोधायचा आणि मी माणसांच्या अर्जांतली. माझ्या नवऱ्याच्या मते संशय हा माझा जोडधंदा आहे. असेल. दूधवाल्याचं माप रोज डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या आईच्या हाताखाली मी साताऱ्यात वाढले, दुसरं काय होणार.

आमच्याकडे पद्धत अशी, की ईद आणि कुवेतचे राष्ट्रीय दिवस सोडून प्रत्येकाला वर्षातून दोन दिवस स्वतःच्या सणाची रजा. सणाचं नाव लिहायचं, तारीख लिहायची, खाली माझी सही. बाकीचे लोक दोन सण सांगून मोकळे व्हायचे. आन्तोनियो रजा दोनच घ्यायचा, पण वर्षभर माझ्या टेबलाशी येऊन आज आमच्याकडे काय आहे ते सांगायचा. एप्रिलमध्ये म्हणे एका दात काढणाऱ्या माणसाची सुट्टी, त्याने बंड केलं म्हणून त्याला फाशी दिलं होतं. प्रेमिकांचा दिवस जूनमध्ये. त्याच महिन्यात होळीसारखी शेकोटी आणि मक्याचे पदार्थ. सप्टेंबरात स्वातंत्र्यदिन, आणि स्वातंत्र्य जाहीर कुणी केलं, तर ज्यांच्यापासून ते घ्यायचं त्यांच्याच राजपुत्राने! ऑक्टोबरात कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेल्या मातीच्या देवीचा दिवस, आणि लहान मुलांचाही तोच. वर्षअखेरीला पांढरे कपडे घालून समुद्राला फुलं. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, याच्या देशात लोक काम कधी करतात? जुन्या ओळखीतला एक कारकून मेलेली आजी तीनदा मारून रजा घ्यायचा. त्यातलाच हा प्रकार, पण जरा रंगीत, असं मी धरून चालले होते.

त्यात कॉफीचं प्रकरण निघालं. आमची पँट्री सांभाळणारे शाजीभाई एकदा हळूच म्हणाले की, मॅडम, ब्राझीलवाला रोज संध्याकाळी कॉफीचा चोथा पिशवीत भरून घरी नेतो. सुतारकामाच्या शेडमधून लाकडाचा भुसाही नेतो. झालं, माझं डोकं धावायला लागलं. या देशात घरात दारू गाळताना कुणी सापडलं तर थेट हद्दपारी, वर कंपनीला चौकशी, आणि त्याच्या सगळ्या कागदांवर सही कुणाची, तर माझी. चोथ्याची दारू होते का मला ठाऊक नव्हतं, पण चोथा न्यायचं दुसरं कारणही सुचत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो शहरातल्या शर्क भागातल्या आपल्या बँकेच्या कामात बुडालेला, म्हणाला, विचार की सरळ त्यालाच. विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे माझं तत्त्व. त्या दिवाळीला आन्तोनियो फराळाला आमच्याकडे आला होता, तेव्हा दारातल्या रांगोळीपाशी उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिला. हा रंग कशाचा, बोटातून एवढी बारीक रेघ कशी सुटते... मी उत्तरं देत होते, आणि याचं लक्ष खरं कशावर आहे हे ताडत होते.

मग गेल्या वर्षीचा तो अर्ज आला. वार्षिक रजेतले तीन आठवडे, गावी जायला, जूनमधल्या एका गुरुवारच्या सणासाठी. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे, म्हणाला, पुढच्या वर्षी तिला गुडघ्यांवर बसता येईल असं वाटत नाही. मी रजिस्टर काढलं. आदल्या वर्षी याच सणाची रजा त्याने मेच्या अखेरीला घेतली होती. कार्निव्हलही एकदा फेब्रुवारीत, एकदा मार्चमध्ये. सापडला, म्हटलं. ख्रिश्चनांचे सण तारखेने येतात, नाताळ पंचवीसला म्हणजे पंचवीसला, एवढं काय मला कळत नाही?

"सेन्योरा काळे," तो बोट वर करून म्हणाला, "चंद्र. चंद्र ठरवतो."

इथे राहून ईदची सबब उचलली याने, असं मला वाटलं. गुड फ्रायडेही दरवर्षी हलतो हे शाळेपासून माहीत होतं, पण तेव्हा ते आठवायला नको का! कॉम्प्युटरवर बघायला दोन मिनिटं लागली असती. पण माझी खात्री होती, आणि खात्री असली की मीसुद्धा तपासत नाही. अर्जावर शेरा मारला, 'तारखा जुळत नाहीत'. मॅनेजरने तेवढंच वाचलं आणि अर्ज फेटाळला. आन्तोनियो मला एका शब्दाने बोलला नाही. सप्टेंबरात येऊन त्याच्या राजपुत्राची गोष्ट मात्र पुन्हा सांगून गेला.

तो गेल्यावर त्याचा पासपोर्ट आणायला मी आमच्या मंदूबबरोबर, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाबरोबर, त्याच्या फ्लॅटवर गेले. कपाट उघडायच्या आधी मी बाल्कनी उघडली. खोटं कशाला बोलू, पिंपं बघायला उघडली. तिथे ओळीने पिशव्या होत्या. वाळवलेला काळा चोथा, चाळलेला भुसा, थोडा पिवळा रंगवलेला, थोडा लाल, थोडा हिरवा. भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने काढलेली वेलबुट्टी. हे काय, असं मंदूबने विचारलं. मला सांगता येईना.

सांगितलं त्याच्या बहिणीने. लूसिया तिकडे शाळेत शिकवते, इंग्रजी बरं बोलते. सामान कधी पोहोचेल हे विचारायला गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला आणि मी पिशव्यांचा विषय काढला. त्या गुरुवारी त्यांच्या गावात चोथ्याचे आणि रंगीत भुशाचे गालिचे रस्ताभर काढतात, घरोघरी आपापल्या दारापुढचा तुकडा, आणि मग त्यावरून मिरवणूक जाते. येता आलं नाही, तर यंदा इथे गच्चीवर एकट्यानेच काढायचा त्याचा विचार होता, आणि त्यासाठीच तो कधीपासून हे साठवत आला होता. वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर, तिथपासून मोजत गेलं की साठाव्या दिवशी तो गुरुवार. ती बोलत असतानाच मी कॉम्प्युटरवर पडताळून पाहिलं. स्वभाव! एकेक तारीख बरोबर होती.

गेल्या जूनमध्ये आईने आपल्या दारापुढचा तुकडा तसाच मोकळा सोडला, लूसिया सांगत होती. आन्तोनियोशिवाय काढणार नाही म्हणाली. मिरवणूक तेवढ्या कोऱ्या फरशीवरून गेली.

"त्याला वाटायचं, रजा नक्की मिळेल," ती म्हणाली. "ऑफिसातल्या बाईंचा गणपतीसुद्धा चंद्रावरच येतो, दरवर्षी वेगळ्या तारखेला. त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, असं आईला म्हणाला होता."

एकोणीस वर्षं मी चतुर्थीची रजा घेते आहे. कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. माझ्या तारखा जुळतात का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्या बाई अजून आहेत का तिथे, असं लूसियाने विचारलं. मीच ती, म्हणून सांगितलं. रजा मीच अडवली.

"मला वाटलं, तो खोटं बोलतोय," मी म्हणाले.

"आन्तोनियो?" तिने विचारलं.