ऑइल पेंटचा वास

सकाळी बिल्डिंगच्या जिन्यात ऑइल पेंटचा वास आला आणि मला कोपरच्या शाळेत मी शिकवायचे तो सातवीचा वर्ग आठवला. तपासणीला साहेब येणार म्हणून आदल्या दिवशीच रंगवलेला. बाहेर रस्ता खोदलेला. ती धूळ ओल्या भिंतींना चिकटू नये म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या. पुढच्या बाकावरची मुलगी सारखी खोकत होती. "बाई, एक खिडकी उघडू?" तिने विचारलं. "साहेब जाईपर्यंत आवाज नको," मी म्हणाले. ते असेपर्यंत ती तोंडावर रुमाल दाबून बसली. ते गेल्यावर तिने दप्तरातून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला आणि मलाच विचारलं, "बाई, नाही ना खोकले मी?" आज जिन्यातली खिडकी मी कुणालाही न विचारता उघडली.