लटारूभाऊंचा टेप

रविवार, १९ जानेवारी २०२५, आलापल्ली. सकाळी धुके. दळण आणले. लटारूभाऊ बायकोला पत्र लिहून घ्यायला आले.

लटारूभाऊ लाकूड डेपोत मोजणीदार होते. सागाच्या गोलाईला टेप लावण्याआधीच आकडा सांगत आणि तो क्वचितच चुके. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी टेप खिशातच. दोन महिन्यांपूर्वी पोंभुर्ण्याला त्यांच्या सासूबाई वारल्या. अंगणात तिरडी, बाया रडताहेत, आणि हे वाकून प्रेताला टेप लावू लागले. "पाच फूट दोन इंच. मसनात साडेचार फुटाचीच लाकडं गेली!" त्यांची बायको गुणाबाई तेव्हापासून रागाने भावाकडेच राहिल्या. शेजारी म्हणून मी यांना डबा देत होते.

"लिवा बाई, लाकडं खरंच कमी होती."

"हे लिहिलं तर त्या मुळीच यायच्या नाहीत, भाऊ."

"मंग काय लिवू? खोटं?"

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगत, मनाच्या चार शक्ती, विचार, भावना, संवेदना आणि अंतःस्फूर्ती, एकदम वाढत नाहीत. ज्याची विचारशक्ती लहानपणीच पुढे पळते, त्याची भावना मागे, पोरासारखी राहते. नसते असे नाही, तिला बोलायची सवय नसते. उतारवयात ती त्याचा हात धरू पाहते. मला हसायचा अधिकार नव्हता. माझे यजमान गेले त्या दिवशीच्या रोजनिशीच्या पानावर मी फक्त 'गॅस सिलिंडर आला' असे लिहिले आहे.

मी पत्र लिहिले नाही. फोन लावून त्यांच्या हाती दिला.

"काहाले केला फोन?" गुणाबाईंचा आवाज मला खुर्चीवरूनही ऐकू आला. "आता माह्यं माप घेता का?"

लटारूभाऊंनी खिशातला टेप काढला, पुन्हा आत ठेवला.

"पाय बाहेर राह्यले असते," ते म्हणाले. "बुडीचे, तुह्या मायचे. लोकायनं पाह्यलं असतं. मले ते... मले पाहवलं नसतं. ते मले बापू म्हणे. मले बापू म्हणणारं कोनी राह्यलं नाई आता."

आणि ते रडू लागले, नाक न पुसता, लहान मुलासारखे. फोन टेबलावर ठेवायचेही सुचेना.

"जेवले का?" गुणाबाईंनी विचारले.

गुरुवारी दुपारच्या बसने त्या आल्या. लटारूभाऊ स्टँडवर उभे होते. मीही गेले होते. पिशवी हाती घेत ते पहिले वाक्य बोलले, "बस चाळीस मिनिटं लेट आली."

"मोजत बसले असान," गुणाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी नेऊन हसल्या.

त्या संध्याकाळी मी लिहिले : लटारूभाऊंचा डबा घासून परत आला. उद्यापासून तांदूळ एकच वाटी.