मिहिरच्या कॉलेजातली माझी हजेरी

ज्या कॉलेजात मी कधी प्रवेशच घेतला नव्हता, त्या कॉलेजातून मला काढून टाकण्यात आलं. तेही सदुसष्टाव्या वर्षी, साठ पोरापोरींच्या देखत आणि अंगात इस्त्रीचा शर्ट असताना!

दोष सर्वस्वी माझा होता. (माझ्या मुलाचं, मिहिरचं, मत जरा वेगळं आहे. 'सर्वस्वी' हा शब्द कमी पडतो, असं तो म्हणतो.)

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालो. शिक्षण मॅट्रिक. बनारसला रामघाटाच्या गल्लीत आमची ही तिसरी पिढी. शेजारपाजारची निम्मी मराठी मंडळी वेद पढलेली, उरलेली बी.ए., एम.ए. गल्लीत कुणाकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की ओळख करून द्यायचे, "हे वेदमूर्ती, हे एम.ए. संस्कृत, आणि हे पाध्ये. काही पार्सल पाठवायचं असलं तर यांना सांगा." त्यामुळे मिहिरने पदवी घ्यायची हे त्याच्या बारशाच्या आधीच ठरलं होतं. आणि तीही पुण्यात! सगळा देश शिकायला बनारसला येतो आणि मी पोराला बनारसहून पुण्याला धाडलं. कारण काय, तर इथे राहून त्याचं मराठी बिघडेल. (ते बिघडलंच. पुण्यात जाऊन.)

तो गेला आणि दुसऱ्याच वर्षी माझी बायको, सुधा, गेली. मग घरात मराठी बोलायला मी आणि देवघरातला गणपती उरलो. गणपती तसा ऐकून घेतो, पण उत्तर देत नाही. मी स्वयंपाक एकट्यापुरता शिकलो, पण पोळ्या मात्र सवयीने तिघांच्या करत असे. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

अशात एके दिवशी मिहिरचा फोन आला.

"बाबा, मी कॉलेज सोडतोय."

"का? कुणी काही बोललं का?"

"हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. माझी चाळीससुद्धा नाही. परीक्षेला बसू देणार नाहीत."

"मग जात का नाहीस?"

"दुकानात कोण बसणार?" त्याने मित्राबरोबर विजेच्या स्कूटर दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. "आणि बाबा, डिग्रीला आता कोण विचारतं? तीन वर्षं घालवायची, तुम्ही फंड मोडायचा, आणि शेवटी कागद. माझ्याकडे लोक हात बघून येतात, सर्टिफिकेट बघून नाही."

"हातच बघायचे होते, तर पुण्याला कशाला गेलास? दशाश्वमेध घाटावर ज्योतिष्यासारखी छत्री लावून बसायचं होतंस!"

यावर तो हसला नाही. पाध्यांच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट शेवटच्या वर्षाला येऊन दाराबाहेर पडत होता! मी विचारलं, "कितीशी हजेरी कमी पडतेय?"

"सकाळी दहाचा अर्थशास्त्राचा तास भरला तरी भागेल. तो अजून मोबाइलवरच असतो, कॉलेजात खोल्या कमी आहेत म्हणून. पण दहा वाजताच तर गिऱ्हाईक येतं."

आणि इथे माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

आमचे दोघांचे आवाज फोनवर अगदी सारखे. सुधा माहेराहून फोन करायची तेव्हा मिहिरच्या गणिताच्या मार्कांवरून पाच-पाच मिनिटं मलाच झापायची. मधे थांबवलं तर म्हणायची, "उलट बोलतोस? थांब, बाबांना सांगते!"

"मिहिर, तो पासवर्ड की काय असतो, तो मला पाठव."

"बाबा! ही चीटिंग आहे!"

"हजेरी आहे नुसती. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलीत मी, मला हजेरीचं सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कोरी वही घेऊन मी मोबाइलपुढे बसलो. (कॅमेरा बंद ठेवायचा होता. पण कॉलेज म्हणजे कॉलेज!) मॅडमनी नावं घ्यायला सुरुवात केली. "मिहिर पाध्ये?" आणि मी ताडकन उभा राहून म्हटलं, "हजर, मॅडम!"

"अरे वा, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" मॅडम म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या! सुधा गेल्यापासून माझ्या घरात कुणी माझी मराठीत अशी थट्टा केली नव्हती.

मिहिरने बजावलं होतं, नुसतं चालू करून ठेवा आणि भाजी चिरा. पण मी ऐकायला लागलो. आठवड्याभरात वही अर्धी भरली. दोन आठवड्यांत मी प्रश्न विचारायला लागलो. महिन्याने मॅडम वर्गाला म्हणाल्या, "मिहिरकडे बघा जरा. मुलगा किती सुधारला!" त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला.

खाली दूध घालायला येणारा लल्लन, मी एकटाच कुणाशी बोलतोय म्हणून, जिन्यातून ओरडायचा, "का गुरु, अकेले में केसे बतियावत हउवा?"

"क्लास हौ!" मी म्हणायचो. लल्लनने गल्लीभर केलं की पाध्येजींच्या डोक्यावर परिणाम झाला.

अडचणी यायच्या. एकदा माकडाने खिडकीतून चार्जर पळवला आणि मी मधेच गायब झालो. दुसऱ्या दिवशी मी कारण सांगितलं, "मॅडम, बंदर वायर घेऊन पळालं." वर्ग खिदळला. पुण्यात राहणाऱ्या मिहिरच्या खिडकीवर बंदर कुठून आलं, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मिहिर, तुझं मराठी मोठं गोड आहे रे. कुठलं?"

"बनारसचं, मॅडम." माकड सोडलं तर पूर्ण तासातलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

मग तो धडा आला. मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते. त्या सोडलेल्या गोष्टीची किंमत कुठल्याच बिलात नसते, पण आपण ती भरतोच. उदाहरण द्या."

एक मुलगी म्हणाली, "पिझ्झा घेतला की बर्गर सोडावा लागतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, पोराला शिकायला परगावी पाठवलं, तर फी ही खरी किंमत नाही. जेवायला बसल्यावर समोर कुणी नसतं, ती खरी."

मॅडमनी विचारलं, "मिहिर, तुझं वय काय रे?"

"वीस, मॅडम," मी म्हटलं आणि घाम पुसला.

हे असं परीक्षेपर्यंत निभावलंही असतं. पण मिहिरला मी रोज फोनवर मॅडमचं इतकं कौतुक ऐकवलं, की त्याला आपलं कॉलेज कसं आहे हे बघायची इच्छा झाली! एका सकाळी दुकानाची वीज गेली, तेव्हा हा पठ्ठ्या मला न सांगता स्वतःच वर्गात येऊन बसला.

"मिहिर पाध्ये?"

"हजर, मॅडम!" पुण्यातून आणि रामघाटावरून एकदम.

"मिहिर, तुझा आवाज दोनदा येतोय."

"नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, मॅडम!" आम्ही दोघं म्हणालो. (याला संस्कार म्हणतात.)

"बरं, काल काय झालं ते सांग."

मी घडाघडा सांगितलं, दोन उदाहरणांसकट. त्याच वेळी दुसरीकडून माझाच आवाज म्हणत होता, "काल... म्हणजे मॅडम, आधीचं होतं ना, त्याच्या पुढचं."

"नेटवर्क फारच हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही मिहिर, कॅमेरे चालू करा."

पुण्याच्या चौकोनात ग्रीस लागलेला मिहिर दिसला. बनारसच्या चौकोनात मी! पांढरे केस, चाळिशीचा चष्मा आणि मागे दोरीवर वाळणारा पंचा. तेवढ्यात लल्लन पातेलं घेऊन माझ्या खांद्यावरून वाकला आणि पडद्यावरची एवढी पोरं बघून ओरडला, "अरे बाप रे! एतना लइका?" वर्गातल्या एका कार्ट्याने खाली चॅटमध्ये लिहिलं, "मिहिर, टेन्शन घेऊ नकोस रे, केस पिकतात."

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"मिहिर. म्हणजे मिहिरचा बाप."

"अहो, हे काय केलंत तुम्ही? का केलंत?"

हजेरीसाठी, असं म्हणायचं होतं. पण समोर साठ चेहरे बघून मी पार ढेपाळलो. "मॅडम, सुरुवात पोराच्या हजेरीसाठीच झाली. पण मग... रोज दहा वाजता कुणीतरी 'आहेस का' म्हणून विचारायचं. नाव माझं नव्हतं, पण 'आहे' म्हणणारा मीच होतो. तेवढ्यासाठी येत राहिलो."

मिहिर खाली मान घालून बसला होता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाध्ये, माझ्या वर्गात तुमच्याइतकं लक्ष देऊन कुणीच बसलं नाही. पण नियम तो नियम. ही हजेरी रद्द. मिहिरला हे वर्ष परत करावं लागेल, आणि या तासालासुद्धा कॉलेजात माझ्यासमोर येऊन बसायचं. तुम्ही आता वर्गाबाहेर व्हा."

बाहेर कसं व्हायचं ते मला ठाऊक नव्हतं. आजवर मी तास संपेपर्यंत बसत आलो होतो. शेवटी साठ जणांनी एकदम शिकवलं, "काका, लाल बटण!"

पोराचं वर्ष वाचवायला गेलो आणि पोराचं वर्षच घालवलं. त्यानंतर आठवडाभर मिहिरचा फोन आला नाही. मी करायला धजलो नाही. दहा वाजता उगाच शर्ट घालून बसायचो. लल्लन दूध ओतताना काही विचारायचा नाही, हे जास्त लागायचं.

आठव्या दिवशी दहाला पाच कमी असताना फोन वाजला.

"पाध्ये श्रीधर वासुदेव?"

मला क्षणभर कळेचना. पूर्ण नाव घेऊन कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती!

"बाबा, हजर का गैरहजर? लवकर सांगा, मी कॉलेजात येऊन बसलोय, मॅडम वर्गात यायच्यात."

मी ताडकन उभा राहिलो. "हजर!"

तेव्हापासून हा रोजचा नेम आहे. मिहिर ते वर्ष परत बसला आणि पास झाला. (सेकंड क्लास. मी बसलो असतो तर फर्स्ट आला असता.) पदवी दुकानात टायरांच्या वर टांगली आहे. ती आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली नाही. एवढा खर्च वसूल झाला का, असं मिहिर मला विचारतो. त्याचा सोडा, माझा झाला, असं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

फक्त परवा एक घोटाळा झाला. हल्ली मी सकाळी नावेतून थेट अस्सी घाटापर्यंत फिरून येतो आणि मोबाइल घरीच विसरतो. मिहिरने महिन्याचा हिशेब काढला. माझी हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली आहे!

"ते काही चालायचं नाही," तो म्हणाला. "उद्या येताना पालकांना घेऊन या."

आता सदुसष्ट पार केल्यावर मी पालक आणू कुठून?