पाच गुणांचं उत्तर
आखाडा बाळापूरच्या बाजारात नव्या गाईडांचा वास आला की लेकीची नववीतली उत्तरपत्रिका आठवते. धड्यातली आई सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी झोपते, त्या धड्याची मध्यवर्ती कल्पना विचारली होती. लेकीनं लिहिलं, ‘हा त्याग नाही. जेवलीस का, असं तिला कुणी विचारलंच नाही.’ पाचपैकी शून्य. गुणांसाठी मीच तिला घेऊन शाळेत गेलो. सर म्हणाले, “गाईडातलं उत्तर लिहून दे, पाच देतो.” मी पेन पुढं केलं. ती म्हणाली, “काहून लिहू, बाबा? आपली आई कवा जेवती, तुमाला तरी माहीत हाय का?” मला माहीत नव्हतं. मी पेन खिशात घातलं अन् म्हणालो, “सर, शून्यच राहू द्या.” आता आमच्याकडं पहिलं ताट तिच्या आईचं असतं. पाहुणे हसतात. हसू द्या.