शेजारच्या सीटवरची बाई

आमची बायको गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला ब्रेक दोन: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा हिच्या. समोरून ट्रक येतोय, शिकाऊ गृहस्थ घामाघूम झालेत, आणि ही शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून निवांत. "घाई नाही काका, रस्ता कुठे पळून जात नाही." आपण उगाच ब्रेक दाबला की शिकणारा कायमचा बिचकतो, असं तिचं म्हणणं. गावातल्या निम्म्या गाड्या हिच्या शिष्यांच्या हातात आहेत, आणि त्यातल्या एकीनेही अजून मला उडवलेलं नाही.

घरात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्या लेकीला, भिंगरीला, सहाव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते टोचून घ्यावं लागतं. थोडं जास्त झालं किंवा धावपळ झाली की साखर झर्रकन खाली, आणि वेळीच गोड पोटात गेलं नाही तर शुद्धच हरपायची. दंडावरचा सेन्सर दोघींच्या फोनवर आकडा धाडतो आणि भिंगरीच्या आधी आईच तो वाचते. पोर शिंकली तरी हिचा प्रश्न, "किती आहे गं?" पण थट्टा बाजूला. हिने डोळ्यांत तेल घालून जपलं म्हणून आमची पोर धडधाकट आहे. मी नुसता पिशव्या उचलायला.

भिंगरी आता अकरा वर्षांची आहे. शाळेचं निवासी शिबिर आलं, आणि तिने हट्ट धरला. ही म्हणाली, नाही. लेक आईवरच गेलेली, त्यामुळे घरात कडकडीत अबोला, आणि माझी अडकित्त्यातली सुपारी. शेवटी मीच तह घडवून आणला: रविवारी थीम पार्कला जायचं, दिवसभर सगळं भिंगरीने सांभाळायचं, आईने चकार शब्द काढायचा नाही. तिला जमलं तर शिबिर.

फाटकावरच पहिली परीक्षा. पहारेकऱ्याने पिशवीतला ज्यूसचा डबा उचलला. "बाहेरचं खाणं आत चालत नाही." हिने तोंड उघडलं आणि मिटलं. भिंगरीने बाही वर करून सेन्सर दाखवला.

"काका, हे माझं औषध आहे. साखर एकदम खाली गेली की लागतं."

"मधुमेहाला ज्यूस?" काका चक्रावले, पण त्यांनी सोडलं.

दुपारी जेवणाचं ताट आलं. भिंगरीने त्याकडे बघून मनात हिशोब केला आणि इन्सुलिन टोचून घेतलं. तोवर ही मान वर करून बसलेली. "ढग छान आलेत," म्हणाली. आकाशात औषधालाही ढग नव्हता.

मग सगळ्यांत मोठी रोलर कोस्टर. भिंगरी एकटीच रांगेत शिरली. मला नुसतं बघूनच गरगरतं. आम्ही कठड्याबाहेरच्या बाकावर बसलो. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भिंगरीच्या पुढे एकच कुटुंब उरलं, आणि हिचा फोन थरथरला. साखर सत्तरच्या खाली.

हिचा पाय जमिनीवर करकचून दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाहीये," मी म्हणालो.

"गप बस. चढली ना ती, तर मी इथून ओरडणार. शब्द गेला खड्ड्यात."

माझाही जीव टांगणीला लागला होता. भिंगरीने फोन बघितला. मग समोर येऊन थांबलेली गाडी बघितली. पुढचं कुटुंब चढून बसलं होतं, आता तिचीच जागा रिकामी होती. तिने ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात टाकल्या, मागच्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळ्या रांगेतून अंग चोरत उलटी बाहेर आली. ती आमच्याकडे आलीच नाही. पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली. चेहरा पांढरा पडलेला, आणि डोळ्यांत पाणी. ही जागची हलली नाही. मला एवढं मोठं धाडस जन्मात जमलं नसतं.

थोड्या वेळाने हाक आली. "आई, हात थरथरतायत माझे. शेजारी येऊन बस ना. पण काही करू नको."

ही जाऊन बसली. तिने पिशवीला हात लावला नाही की फोनला. पाव तासाने भिंगरीने आकडा बघितला, एक बिस्कीट खाल्लं आणि उठली. "आता परत पहिल्यापासून रांग! डोकंच फिरलंय माझं," असं पुटपुटत ती पुन्हा गर्दीत शिरली.

ती दिसेनाशी झाली तशी ही म्हणाली, "जाऊ दे तिला शिबिराला." आणि ढसाढसा रडायला लागली.

मी गडबडलो. "अगं, पोरीने जिंकलं की! रडतेस काय?"

"बरोबर केलं का, असं तिने एकदाही विचारलं नाही रे मला."