बूट काढायची परवानगी

स्लावका मेग्लिचच्या नाकावर राग कायम बसलेला. तर्झिच गावच्या बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती शिलाई मशीनवर होती. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाकीच्या बाया रडल्या. ही सरळ गावच्या वृद्धाश्रमात जाऊन उभी राहिली. "अनुभव काय?" असं विचारल्यावर म्हणाली, "बावीस वर्षं लोकांचे पाय सांभाळले. आता त्या पायांवरची माणसं सांभाळते." आणि लागली मदतनीस म्हणून.

खालचा मजला तिच्याकडे होता. तिथल्या अकराही म्हाताऱ्यांची आठवण विरत चाललेली. स्लावकाची पद्धत एकच, माणूस आधी काय होतं ते शोधायचं आणि त्या माणसाशी बोलायचं. अलोयझ जन्मभर जंगलात लाकडं तोडणारा, त्याला पहाटे पाचला कॉफी लागायची. नर्सबाई म्हणाल्या, नाश्ता सहाला. स्लावका म्हणाली, "तुमच्या नियमाला पाचला जाग येत नाही, अलोयझना येते." कॉफी पाचला सुरू झाली. अशा कितीतरी भांडणांवर तो मजला उभा होता, आणि एकाही भांडणाची तिला लाज नव्हती.

पावला अहाचिचपुढे मात्र तिची अक्कल चालेना. वय शहाऐंशी. शाळेची साफसफाई करण्यात हयात गेलेली बाई. रोज दुपारी चार वाजले की अंगात कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून ती काचेच्या दाराशी यायची. "चला, निघते मी. फार वेळ बसले." अडवलं की हात उगारायची, एकदा तर चावली. ऑक्टोबरात पाववाल्याच्या मागोमाग बाहेर पडली आणि थेट बिस्त्रित्सा नदीच्या पुलावर सापडली.

त्या दिवशी संचालिका नादा झुपान यांनी स्लावकाला खोलीत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, धास्तावलेल्या होत्या. "सोमवारी पावलाबाईंना वर हलवायचं."

वर म्हणजे कुलपाचा मजला. गोळ्या, खिडकीला जाळी. तिथं गेलेलं माणूस खाली परतल्याचं स्लावकानं पाहिलं नव्हतं.

"मॅडम, त्या पळून जात नाहीत. रीतसर सांगून निघतात."

"नदीला फरक पडतो का?"

"मला पडतो."

"मग त्या का निघतात ते शोध. सोमवारपर्यंत वेळ आहे. आणि आवाज खाली."

स्लावका पावलाबाईच्या जुन्या घरी गेली. भरतकामाचा टेबलक्लॉथ, लग्नाचा फोटो, खुर्चीवरची उशी, सगळं उचलून आणलं आणि खोली सजवली. पावलाबाईनं टेबलक्लॉथवरून हात फिरवला, तोंडभर कौतुक केलं. "छान ठेवलंय हो घर तुम्ही." चार वाजता कोट घालून दारात हजर.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर फिक्रेता तिला ओढूनच आपल्या घरी घेऊन गेली. फिक्रेता बोस्नियाची, त्याच मजल्यावरची मदतनीस, तोंडाळ आणि मायाळू. "चल बये, कॉफी पी. त्या रागावरच उकळेल."

दाराशी स्लावका बुटाची नाडी सोडायला वाकली. पाहुण्याला बूट काढायला लावायचं नाही ही तिकडची रीत, म्हणून फिक्रेता सवयीनं म्हणाली, "राहू दे गं बूट, असू दे."

"मी काय पाहुणी आहे?" स्लावका डाफरली. एक बूट काढला. दुसरा हातात तसाच राहिला.

"काय झालं? मोजा फाटलाय?"

"फिक्रेता, मी गाढव आहे."

"ते माहितीये. आज काय नवीन?"

स्लावका उंबऱ्यावरच बसली. रोज सकाळी ती पावलाबाईला अंगणात फिरवून आणायची. रोज आत येताना पावलाबाई दाराशी वाकायची, नाडीला हात घालायची. आणि रोज स्लावका गोड आवाजात म्हणायची, "राहू द्या, पावलाबाई. बूट असू द्यात." नियमच तसा होता. गेल्या हिवाळ्यात एक आजोबा सैल चपलांमुळे घसरले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून सगळ्यांच्या पायात दिवसभर बूट.

"म्हणजे मी तिला रोज सांगतेय, तू इथं पाहुणी आहेस म्हणून," स्लावका म्हणाली. "बूट घालून बसलेल्या पाहुण्यानं संध्याकाळच्या जेवणाआधी उठायचं असतं. ती शहाण्यासारखी उठते. आणि आपण तिला वेडी ठरवतो!"

फिक्रेताही तिच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "स्वतःच्या घरात मी बूट घालून फिरले असते, तर माझ्या आईनं माझं थोबाड फोडलं असतं."

त्या रात्री स्लावकाचं घरचं शिलाई मशीन चाललं. दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचे घरातले जोडे, टाचेमागून बंद, घोट्यावर पट्टा आणि खाली खाचा पाडलेला रबराचा तळ. ओल्या फरशीवर स्वतः घालून ती दहादा घसरायला गेली, घसरेना. शनिवारी दाराशी एक बाक आणि बुटांची लाकडी मांडणी ठेवली, त्यावर पावलाबाईचे नवे जोडे.

फिरून आल्यावर पावलाबाई वाकली. स्लावका काही बोलली नाही, बोलू नये म्हणून ओठ दाबून धरले. पावलाबाईनं बूट काढले, मांडणीवर सरळ लावले, जोडे चढवले. आत चार पावलं गेली आणि वळून स्लावकाच्या पायांकडे पाहू लागली.

"तुम्ही कुठं निघालात?"

"कुठंच नाही."

"मग बूट कसले घातलेत?"

चार वाजता पुन्हा कोट, पुन्हा दार.

स्लावकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग स्वतःवरच. एकट्या बाईला जोडे घालून काय होणार? बाकी सगळं घर स्टेशनासारखं बुटांनी टपटपत होतं. त्या संध्याकाळी तिनं सगळ्या मदतनिसांना घरून स्वच्छ धुतलेले बंद जोडे आणायला लावले. नर्सबाई कुरकुरल्या, "माझ्या पदाला शोभत नाही." फिक्रेता म्हणाली, "पाय दुखतात तेव्हा पद कुठं असतं?" रविवारी नर्सबाईंच्या पायातही लाल जोडे होते.

रविवारी चार वाजता पावलाबाई कोट घेऊन आली. आधी सगळ्यांच्या पायांकडे, मग खाली आपल्या घरातल्या जोड्यांकडे बघितलं. "अशी जाऊ बाहेर? लोक काय म्हणतील?" कोट खुंटीला अडकवून ती अलोयझच्या शेजारी सफरचंदं सोलायला बसली.

सोमवारी सकाळी झुपानबाई पावलाबाईंना वर हलवायचा कागद घेऊन आल्या, उंच टाचांच्या बुटात. दारातच पावलाबाई आडवी आली.

"बाई, कुठं चाललात बूट घालून? फरशी कोण पुसतं, तुमची आई?"

झुपानबाईंचा चेहरा एकदम आठ वर्षांचा झाला. शाळेच्या दारात याच आवाजानं त्यांना कितीदा थांबवलं होतं. मुकाट्यानं बाकावर बसून त्यांनी बूट काढले आणि मोज्यांवर आत आल्या. पूर्ण दिवस बसल्या. चार वाजले, पाच वाजले. पावलाबाई एकदा उठली, खिडकी लावून परत बसली.

"उद्या परत निघाल्या तर?" झुपानबाईंनी हळूच विचारलं.

"निघतील एखाद्या दिवशी. मग मीही निघेन सोबत, पुलापर्यंत जाऊ, परत येऊ. मी काही जादूगार नाही, मॅडम."

झुपानबाईंनी कागदाच्या दोन घड्या घालून तो खिशात ठेवला. "याचा अहवाल लिहून दे. मुख्य कार्यालयाला पाठवते."

"अहवाल तुम्ही लिहा, तुम्हाला पगार त्याचा आहे. मला नमदा हवाय, चोवीस जोड्यांचा."

"चोवीस? पावलाबाई सोडून या मजल्यावर तर दहाच जण."

"वर चौदा आहेत," स्लावका म्हणाली. खिशातून मोजपट्टी काढून ती जिन्याकडे निघालीसुद्धा. "आणि कुलपाची किल्ली द्या. पाय मोजायचेत."